फ्रिजची सुट्टी

आक्कांच्या घरी विजेचं बिल आलं की ते आधी आक्कांच्या हातात जायचं. शाळेची पायरी आक्का चढल्या होत्या ती उतरण्यापुरतीच, पण आकडा त्यांना लांबून कळायचा. बिल हातभर लांब धरायचं, डोळे बारीक करून आकडा बघायचा आणि मग घरातल्या माणसांकडे एकेक करून बघायचं, अशी त्यांची पद्धत. नजर ज्याच्यावर जास्त वेळ थांबली त्याने समजून घ्यायचं की या खेपेचा आरोपी आपण.

आरोपी व्हायला घरात माणसं होती तीनच. तात्या, म्हणजे आक्कांचे यजमान, एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत गेला नि कोण किती वाजता बाहेर आला, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर बघायला कुणी उरलं नाही, म्हणून आता ते पेपर बघत. मुलगा औषधांच्या दुकानात होता. सकाळी बाहेर पडायचा तो दिवे लागल्यावर परतायचा, त्यामुळे वीज जाळल्याचा आळ त्याच्यावर घ्यायचा म्हटला तरी चिकटत नसे. उरली सूनबाई.

सूनबाई घरातच शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, दवाखान्यातल्या नर्सबाईंचे एप्रन, पडदे, उशांचे अभ्रे, पडेल ते काम. तिचं मोटारवालं मशीन स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधल्या बोळात होतं. बोळात खिडकी नव्हती, म्हणून भर दुपारीही डोक्यावर ट्यूब लागलेली असायची. पुढच्या खोलीत चांगली मोठी खिडकी होती, पण तिथं आक्कांची खुर्ची होती. त्या खुर्चीतून अख्खी गल्ली दिसायची. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या घरातून रुसून कोण बाहेर पडलं, हे आक्कांना ठाऊक नसेल तर ते घडलंच नाही असं समजायचं.

आणि आक्कांचा फ्रिज. गल्लीत फ्रिज सगळ्यांकडे होते, पण कुणाचा नवऱ्याच्या पगारातला, कुणाचा लेकाच्या कृपेने आलेला. आक्कांचा फ्रिज आक्कांचा होता. तरुणपणी त्या एका शिंप्याच्या दुकानासाठी घरी काज-बटणं करायच्या. खिडकीत बसून एकेक काज हाताने बांधायचं, बोटाला घट्टे पडायचे, मान अवघडायची. त्या काजांचा हा फ्रिज. एके काळी पांढरा होता, आता जुन्या दातांच्या रंगाचा झाला होता. दार कमरेचा धक्का दिल्याशिवाय लागत नसे आणि तो धक्का नेमका कुठं द्यायचा हे आक्कांनाच जमायचं. त्याला कुणी जुना म्हटलेलं त्यांना खपत नसे. “मी जुनी नाही का? मलाही द्या मोडीत,” एवढं त्या म्हणाल्या की समोरचा गप्प.

गल्लीत आक्कांची आणखी एका गोष्टीसाठी ख्याती होती. कितीही दमट हवा असो, आठवडा आठवडा ऊन न पडो, आक्कांच्या स्वयंपाकघरातली फडकी कोरडी ठणठणीत असायची. शेजारच्या मास्तरीणबाईंनी किती वेळा आडून आडून विचारलं. आक्का गालात हसायच्या आणि म्हणायच्या, पिळायला मनगट लागतं. खरं कारण घरातही कुणाला माहीत नव्हतं. फ्रिजच्या पाठीमागे जी काळी जाळी असते ना, ती सदा गरम असते. आक्का धुतलेली फडकी एका काठीने तिच्यावर सरकवून द्यायच्या. फ्रिज भिंतीच्या कोपऱ्यात, एका बाजूला आडवं कपाट, दुसऱ्या बाजूला धान्याचा उंच डबा. त्या फटीत डोकवायचं कुणाला काय काम? फुकटातली ऊब वाया घालवायची नाही, एवढा साधा विचार. आणि हा विचार आपल्याशिवाय जगात कुणालाच सुचलेला नाही, याचा आक्कांना आतून फार अभिमान होता.

त्या वर्षी थंडी ढगाळ निघाली. कपडे दोरीवर वाळेनात. सूनबाई सकाळी नवऱ्याचे दमट मोजे इस्त्रीखाली धरायची. त्यात बिल आलं आणि ते नेहमीपेक्षा थोडं फुगलेलं होतं. आक्कांची नजर सूनबाईवर जी बसली ती उठायलाच तयार होईना.

दुसऱ्या दिवसापासून घरात काटकसरीचा अंमल सुरू झाला. तात्यांनी पेपर वाचायचा तो दारात उभं राहून, उजेड फुकट मिळतो तिथं. मुलाने आंघोळीचं पाणी तापायच्या आत बादली लावायची, कारण कोमट पाण्याने कुणी मेलेलं आक्कांच्या ऐकिवात नव्हतं. सूनबाईने इस्त्री गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरच फिरवायची. ओले कपडे इस्त्रीने वाळवणं म्हणजे नोटा तव्यावर भाजणं, असं आक्कांनी जाहीर केलं. मग घरचे कपडे वाळायचे कसे, असं सूनबाईने विचारलं. ते माझ्यावर सोड, असं आक्का म्हणाल्या आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

आता फडक्यांच्या जोडीला मोजे आले, टॉवेल आले, तात्यांचे बनियन आले. सगळं फ्रिजच्या मागे. आणि सकाळी सगळं कोरडं, उबदार. घरची माणसं थक्क झाली. भानगड एकच झाली. तात्यांच्या पांढऱ्या बनियनवर काळ्या आडव्या रेघा उमटू लागल्या. तात्या आरशात बघून म्हणाले, मी कैदी दिसतोय. आक्कांनी ते साबणावर ढकललं आणि साबण कुणी आणला, याची आठवण सूनबाईला करून दिली. पण मनातल्या मनात त्यांना उमगलं की जाळीवर धूळ आहे. त्यांनी ट्रंकेतलं एक जाडजूड लोकरी ब्लँकेट काढलं, त्याची चौपदरी घडी घातली आणि आधी ती जाळीवर चढवली. मग त्यावर कपडे. रेघा बंद झाल्या. साबण कसा सुधारला बघ, असंही त्या सूनबाईला म्हणाल्या.

सूनबाई तेव्हा काही बोलली नाही. ती फार बोलणारी नव्हती. ती तोंडात टाचण्या धरून काम करायची, आणि आक्कांच्या मते ही सवय सुनेला लागावी यासारखं दुसरं सुख नाही.

पुढचं बिल आलं. आक्कांनी ते हातभर लांब धरलं, मग जवळ आणलं, मग पुन्हा लांब धरलं. आकडा दोन्हीकडून तेवढाच राहिला. आधीचं बिल याच्यापुढे लेकरू दिसत होतं. एवढी काटकसर करून ही तऱ्हा. संध्याकाळी मुलगा घरी येताच आक्कांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या बोलण्याचा सूर असा होता की घरात दिवसभर मोटार घरघरते, डोक्यावर ट्यूब जळते, इस्त्री तापते, आणि कोमट पाण्याने आंघोळ मात्र त्यांच्या मुलाने करायची. शिवणाचा पसारा बाहेर कुठे गाळा घेऊन मांडावा. सूनबाईने टाचण्या तोंडातून काढल्या आणि शांतपणे विचारलं की मशीनच वीज खातंय हे कशावरून. आक्कांना अशी विचारणा अपेक्षित नव्हती. त्या ताठ झाल्या.

“तपासून बघा,” त्या म्हणाल्या. “ज्याची वस्तू जास्त खाईल, ती वस्तू या घरातून बाहेर. मग ती कुणाची का असेना. माझा शब्द आहे.”

रविवारी तपास झाला. मीटर जिन्याखाली होता. त्याच्यावर एक तांबडा दिवा लुकलुकतो, वीज जास्त लागली की घाईने, कमी लागली की सावकाश. तात्या तिथं स्टूल टाकून बसले. घरातलं एकेक बटण दाबायचं आणि तात्यांनी खालून ओरडून सांगायचं, असं ठरलं. मशीन चालू केलं तरी दिव्याने आपली आधीची चाल सोडली नाही. इस्त्री लावली तशी त्याची त्रेधा उडाली आणि आक्कांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पण इस्त्री थोडाच वेळ चालते, हे त्यांच्या मुलानेच बोलून दाखवलं. शेवटी त्याने घरातलं सगळं बंद करायला लावलं. दिवे, पंखा, मशीन, सगळं. घर गप्प झालं. तरी तात्या खालून सांगत होते की दिवा चालूच आहे, चांगला खटपटीने चालू आहे. सगळ्यांनी कान टवकारले. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, घुर्रर्र.

आक्कांनी सांगितलं की फ्रिज चालूच असायचा असतो, सगळ्या जगाचा चालू असतो. मुलगा म्हणाला, चालू असतो, पण मधूनमधून थांबतो. आपला हल्ली कधी थांबताना कुणी ऐकलाय? कुणीच ऐकला नव्हता. हे काम मग तात्यांवर आलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या लायकीचं काम दिलं होतं. त्यांनी मनगटावर घड्याळ चढवलं, फ्रिजसमोर खुर्ची मांडली आणि दुपारभर त्याच्यावर नजर ठेवून बसले. आक्का येता जाता त्यांना टोमणे मारत होत्या की एवढ्या प्रेमाने लग्नात माझ्याकडे बघितलं नाहीत. तात्या जागचे हलले नाहीत.

“एवढे कामगार बघितले,” संध्याकाळी ते म्हणाले, “पण असा नाही बघितला. जेवायचीसुद्धा सुट्टी घेत नाही.”

“माझ्या घामाचा आहे,” आक्का म्हणाल्या. “कष्टाळूच असणार.”

यावर मुलगा हसला आणि मग हसू आवरून त्याने आईला तिच्याच शब्दाची आठवण करून दिली. ज्याची वस्तू जास्त खाईल ती बाहेर. जुना घेऊन नवा देणारं एक दुकान त्याच्या ओळखीचं होतं. माणसं गाडी घेऊन मंगळवारी सकाळी येतील, असं तो फोनवर ठरवूनही बसला. शब्द आक्कांनीच दिला होता आणि दिलेला शब्द गिळायची त्यांच्या घशाला सवय नव्हती. त्या रात्री त्या जेवल्या, पण वाढून घेतलेलं संपवायचं म्हणून जेवल्या.

सोमवारी मुलगा कामावर गेला, तात्या पाय मोकळे करायला बाहेर पडले, सूनबाईचं मशीन बोळात घरघरत होतं. आक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी आतून कडी घातली. उद्या चार परके पुरुष फ्रिज ओढून काढणार आणि त्याच्या पाठीवर आपल्या घरचे मोजे नि बनियन गल्लीला दिसणार, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी काठीने एकेक कपडा बाहेर ओढला. मग ब्लँकेट. ते इतकं तापलं होतं की जणू आत्ताच कुणी तापकरी माणूस त्याच्याखालून उठून गेलाय. त्यांनी धान्याचा डबा सरकवला, फ्रिजची बाजू आणि मागची जाळी सोड्याच्या पाण्याने पुसली, दारावरचे डाग खरवडले. निघणाऱ्या माणसाला आपण धड कपडे घालून पाठवतो, तसंच काहीसं त्यांच्या मनात असावं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी सोड्याच्या पाण्यावर ढकललं.

भाजी चिरायला बसून त्यांना बराच वेळ झाला असेल. फ्रिज एकाएकी अंग झाडल्यासारखा थरथरला, खडखडला, आणि गप्प झाला.

आक्कांच्या हातातली सुरी तशीच राहिली. घरात इतकी शांतता त्यांनी कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. गेला, त्यांना वाटलं. उद्याची वाट न बघता आजच गेला. मानी होता. त्या उठल्या, दार उघडलं, आत हात घातला. आत गारेगार. दुधाच्या पातेल्यावर बोट टेकवलं तर बोट आखडलं. वरच्या कप्प्यातलं बर्फ दगडासारखं. मेलेल्याचं अंग गार पडतं हे खरं, पण आतला दिवा तर ढणढणीत लागला होता. त्या गोंधळल्या. दार लावून, कमरेचा धक्का देऊन, त्या स्टुलावर बसून राहिल्या. थोड्या वेळाने फ्रिज आपण होऊन सुरू झाला. मग पुन्हा थांबला. पुन्हा सुरू झाला. तात्या म्हणत होते ती सुट्टी. फ्रिज सुट्टी घ्यायला लागला होता.

आक्कांनी जमिनीवरच्या ब्लँकेटकडे बघितलं. मग फ्रिजकडे. मग पुन्हा ब्लँकेटकडे. शिकल्या नव्हत्या, पण खुळ्या नव्हत्या. भर उन्हात कुणी आपल्या पाठीवर हे चौपदरी बांधून काम करायला लावलं असतं तर? आपणही धापा टाकतच राहिलो असतो, श्वास घ्यायला थांबलो नसतो. एवढं वाढलेलं बिल, कोमट आंघोळी, दारात उभं राहून वाचलेला पेपर, सुनेवरचा आळ, सगळं या एका घडीत होतं. आणि ती घडी आक्कांनी स्वतःच्या हातांनी घातली होती.

आता पंचाईत अशी की उद्या गाडी येणार. तोंड मिटलं तर फ्रिज जातो आणि उघडलं तर नाक जातं. मुलगा हसेल. तात्या तर मरेपर्यंत हसतील, आणि एकदा हसून झालं की वेळ टिपून ठेवतील. आक्कांना नाक फार प्यारं होतं. पण त्या फ्रिजच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या तेव्हा तर्जनीवरचा जुना घट्टा त्या गार पत्र्याला लागला, आणि त्यांना वाटलं, जाऊ दे मेलं नाक.

तेवढ्यात कडी वाजली. त्यांनी दार उघडलं. सूनबाई उभी होती. तिने आधी आक्कांकडे बघितलं, मग जमिनीवरच्या मोज्यांच्या ढिगाकडे, मग ब्लँकेटकडे. तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या सावकाश काढून गळ्यातल्या टेपच्या टोकाला खोचल्या.

“फ्रिजचा आवाज थांबला म्हणून आले,” ती म्हणाली.

“काय बोलायचंय ते बोलून टाक,” आक्का म्हणाल्या.

“मी काय बोलणार? मला काही दिसलंच नाही. बोळात बसून डोळे कामातून गेलेत.” ती खाली वाकून मोजे गोळा करू लागली. “फक्त बनियनवरच्या रेघा बंद झाल्या त्याच दिवशी ट्रंकेतलं ब्लँकेट गेलं, तेव्हा म्हटलं, साबण थंडीने कुडकुडत असेल.”

आक्कांनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर मोजे टाकून पळाली असती. सूनबाई मोज्यांच्या जोड्या लावत राहिली.

“तेव्हाच कळलं होतं तर बोलली का नाहीस?” आक्का म्हणाल्या. “माझ्या हातून तुझं मशीन बाहेर जाऊ देणार होतीस?”

“पांघरूण कुठं गेलं ते कळलं होतं, बिल त्यामुळे फुगलंय ते आत्ता कळलं. आणि तुमच्या फ्रिजला मी हात लावला असता तर मीच बाहेर गेले असते.”

हे इतकं खरं होतं की आक्का हसल्या. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पदराने डोळे पुसत. सूनबाईही हसली. मग तिने सांगितलं की फ्रिज भिंतीला फार टेकला होता, मागे हवा खेळत नव्हती, तो पुढे ओढल्यावर सुधारला, असं आपण संध्याकाळी सांगू. यात खोटं काही नाही. हवा का खेळत नव्हती, हे कुणी विचारलं तर बघू. दोघींनी मिळून फ्रिज वीतभर पुढे ओढला. आक्कांनी ब्लँकेट ट्रंकेत तळाशी घातलं आणि ट्रंकेवर स्वतः बसल्या.

तात्या फिरून आले तेव्हा फ्रिज नेमका थांबलेला होता. दारातच त्यांची पावलं अडखळली. त्यांनी घड्याळ बघितलं, खुर्ची ओढली आणि बराच वेळ बसून राहिले. मग समाधानाने म्हणाले की माणसात आला. मुलगा घरी आल्यावर त्याला हवेची गोष्ट सांगितली गेली. त्याने फ्रिजच्या मागे डोकावून बघितलं, स्वच्छ पुसलेली जाळी बघितली, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दुकानवाल्याला फोन करून मंगळवारची गाडी पाठवू नको म्हणून सांगितलं. शहाणा मुलगा. तरी एवढं त्याने विचारलंच की कपडे आता वाळणार कसे. आक्कांनी सांगितलं, वाऱ्यावर, आणि दमट राहिले तर घालून वाळवायचे.

पण शब्द दिला होता तो राहिलाच होता. काहीतरी बाहेर जायला हवं होतं. सकाळी सूनबाई बोळात आली आणि ट्यूबच्या बटणाकडे तिने हात नेला, तर मशीन जागेवर नव्हतं. ते पुढच्या खोलीत खिडकीशी होतं. तात्या घाम पुसत होते आणि आक्कांची खुर्ची भिंतीकडे सरकली होती, जिथून गल्लीचा अर्धाच भाग दिसतो.

“दिवसाढवळ्या दिवा लावून काज-बटणं करायची ही कुठली तऱ्हा?” आक्का तिला म्हणाल्या. “मी आयुष्यभर खिडकीत बसून केली. ती ट्यूब काढून टाका तिथली. ती जाते घराबाहेर.”

सूनबाई मशीनवर बसली. उजेड तिच्या हातांवर पडला होता. तिने टाचण्या तोंडात धरल्या आणि सुईत दोरा एका फटक्यात ओवला. आक्कांनी खुर्चीतून वाकून तिचं एक तयार काज बोटावर घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि सांगितलं की मशीनच्या काजाला जीव नसतो. मग नर्सबाईंचा एक एप्रन स्वतःकडे ओढला, नाकावर चष्मा चढवला आणि हाताने काज घालायला बसल्या.

खिडकीखालून मास्तरीणबाई चालल्या होत्या. पिशवीतून ओलं फडकं डोकावत होतं. त्यांनी मान वर करून पुन्हा एकदा विचारलं की अशा हवेत तुमची फडकी वाळतात तरी कशी, आता सांगूनच टाका. आक्कांनी तोंड उघडलं. सूनबाई खोकली. आत तात्या फोनवर कुणाला तरी सांगत होते की फ्रिज सुट्टीवर गेला.

“पिळायला मनगट लागतं,” आक्का म्हणाल्या, आणि दातांनी दोरा तोडला.